सातवी-आठवीच्या मुलांना रसायनशास्त्राची ओळख कुठून करून द्यावी?

प्रयोगवही

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. बार्शीकडच्या आमच्या गावात वाचनालयाची एक खोली रविवारी रिकामी असते. तिथे सातवी-आठवीची मुलं जमतात आणि आम्ही मिळून रसायनाचे प्रयोग करतो. त्यातून एक मत पक्कं होत गेलंय, ते मांडते. शिक्षक, पालक, शेतकरी, सगळ्यांनी आपापलं सांगावं म्हणून हा धागा.

मुलांना पहिली वीस मूलद्रव्यं घडाघडा म्हणता येतात. संयुजाही पाठ असतात. पण पानाच्या डबीतला चुना, जुन्या भिंतीचा चुना आणि बंबाच्या आत धरलेला पांढरा थर यांचं एकमेकांशी काही नातं आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. चिन्हं आधी आणि पदार्थ नंतर (किंवा कधीच नाही) असं झालं की रसायन म्हणजे घोकंपट्टी, हे डोक्यात बसतं आणि दहावी झाली तरी निघत नाही.

म्हणून पदार्थ आधी हातात द्या. पण तेवढ्यावर थांबूही नका. वजन करायला लावा, शेवटी समीकरण लिहायला लावा. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रंग बदलून टाळ्या घेणारे कार्यक्रम खूप होतात. मुलं खूश होतात आणि घरी जाताना त्यांच्याकडे एकही प्रश्न नसतो.

मी चुन्यापासून सुरुवात करते. चमचाभर खायचा चुना लिटरभर पाण्यात घालून बाटली घट्ट बंद करायची, खळखळून हलवायची आणि रात्रभर ठेवून द्यायची. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. बाकीचा तळाला बसतो. सकाळी वरची नितळ निवळी हलक्या हाताने ओतून घ्यायची. ग्लासात बोटभर निवळी घेऊन स्ट्रॉने हळूहळू फुंकायचं. पाणी ताकासारखं पांढरं होतं. पुस्तकातला प्रयोग इथे संपतो. आम्ही फुंकत राहतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार टक्के, त्यामुळे वेळ लागतो; निवळीत निम्मं साधं पाणी घातलं तर लवकर होतं. आणि मग ते पांढरं पाणी पुन्हा नितळ व्हायला लागतं! ज्या मुलांनी ‘चुन्याची निवळी दुधाळ होते’ हे वाक्य पाठ केलेलं असतं, ती आता पहिल्यांदा विचारतात, ‘बाई, ते गेलं कुठे?’

आता तेच नितळ पाणी भांड्यात उकळा. परत गढूळ. थंड झाल्यावर खाली बसलेल्या पांढऱ्या साक्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतात. पाटीवर शब्दांत लिहितो:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम बायकार्बोनेट

उकळल्यावर दुसरं समीकरण उलटं फिरतं. बंबात, गिझरच्या कॉइलवर धरतो तो थर मुख्यतः हाच. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ शिजता शिजत नाही, त्यामागेही हाच कॅल्शियम (आणि त्याचा भाऊ मॅग्नेशियम). डाळीतलं पेक्टिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ) तो घट्ट धरून ठेवतो. हे कळल्यावर मुलं घरी जाऊन आईला सांगतात, तेव्हा मला वाटतं की समीकरण आता त्यांचं झालं.

भट्टीचा भागही सांगते. चुनखडी साधारण ९०० अंशाला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो सणसणून तापतो, फुटतो, विरतो. तो भिंतीला लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडी होतो. गडावर सहलीला गेलेल्या मुलांनी चुन्याची घाणी (बांधकामाचा चुना दळायची) पाहिलेली असते. तो दगडी चर आणि ते जातं कशासाठी होतं, हे इथे उलगडतं.

एक सूचना कळकळीची. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. चुन्याची पुडी दाबून फोडताना लहान मुलांच्या डोळ्यांना कायमची इजा झाल्याची उदाहरणं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे विचारा. माझ्याकडे चष्म्याशिवाय कुणी बाटलीला हात लावत नाही. निवळी फुंकायची, ओढायची नाही, हे आधी साध्या पाण्यावर करून घेते. गेलाच डोळ्यात तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहायचं आणि धुऊन झाल्यावर दवाखाना गाठायचा.

सातवीची_आई

वाचनखूण साठवली. ताई, एक प्रामाणिक प्रश्न. माझी मुलगी आत्तापासून म्हणते की मला कॉमर्सला जायचंय, मग हे कशाला? ‘परीक्षेत आहे म्हणून’ याच्यापलीकडे मला उत्तर देता येत नाही. तुम्ही काय सांगता?

निफाडचा_द्राक्षवाला

धागा मनापासून आवडला. चुन्यावरून सुरुवात केली आहे तर आमच्या बागेत या.

छाटणीनंतर आणि पावसाळी हवेत आम्ही बोर्डो (बुरशीवरचं औषध) मारतो. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवायचं, लोखंडी टाकीत कधीच नाही. चुना वेगळा विरवून गाळून घ्यायचा, आणि दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या ड्रममध्ये ओतत ढवळत राहायचं. आकाशी निळं, साईसारखं मिश्रण तयार होतं. त्याच दिवशी वापरायचं, शिळं चालत नाही.

आता गंमत अशी की चुना प्रत्येक पोत्याला वेगळा येतो. कमी पडला तर मोकळं तांबं राहतं आणि कोवळी पानं करपतात. म्हणून फवारणीआधी घासून लखलखीत केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून बघायचं. बाहेर काढल्यावर त्यावर लालसर तांब्याची झाक आली तर चुन्याची निवळी अजून घाला. लोखंड तसंच राहिलं तर फवारा. माझ्या वडिलांनी हे आयुष्यभर केलं. माझा मुलगा आठवीत ‘विस्थापन अभिक्रिया’ शिकून आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं नव्हतं की आपले आजोबा बांधावर तेच करायचे. मी त्याला ड्रमापाशी नेऊन दाखवलं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते द्रावणात जातं आणि तांबं बाहेर बसतं.

इतिहासही सांगतो, कारण मुलांना तो फार आवडतो. फ्रान्समध्ये बोर्डोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा (बुरशीचा रोग) नाही. त्यांनी १८८५ मध्ये हे औषध म्हणून जाहीर केलं. आमच्याकडे अजून चालू आहे.

काटेकोर

‘वजन करायला लावा’ याला माझं संपूर्ण अनुमोदन. अठराव्या शतकातला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, त्याचं मोठेपण यातच आहे की त्याने भांडं बंद केलं आणि काट्यावर ठेवलं. वायू निसटू दिला नाही की आधीचं आणि नंतरचं वजन जुळतं.

पण मला एक कोडं पडलंय. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर ओढून बसवला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेतलं. मग सोडा आत पाडला, फुगा टम्म फुगला. परत वजन घेतलं तर साधारण एक ग्रॅम कमी! साबणाचं पाणी लावून पाहिलं, गळती कुठेच नाही. मुलांसमोर हे असं आलं तर काय सांगायचं?

प्रयोगवही

काटेकोर, हे तर सोनं आहे, मुलांसमोर मुद्दाम येऊ द्या.

फुगा लिटरभर फुगला म्हणजे त्याने लिटरभर हवा बाजूला सारली. लिटरभर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम. पाण्यात बुडवलेली वस्तू जशी हलकी लागते तशीच हवेतही लागते, आपल्या एरवी लक्षात येत नाही इतकंच. पदार्थ तेवढाच आहे, फुग्याला हवेने खालून दिलेला आधार वाढला. आर्किमिडीजचा धडा विज्ञानाच्या त्याच पुस्तकात असतो, पण तो ‘भौतिक’ म्हणून वेगळ्या वहीत जातो.

हा आधार टाळायचा असेल तर फुगा नको. थंड पेयाची अर्ध्या लिटरची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, ती दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते. काचेची बाटली अजिबात नको. तळाला थोडं व्हिनेगर, आणि सोडा फक्त पाव चमचा, म्हणजे एक-सव्वा ग्रॅम, टिश्यूत गुंडाळून आत टाका आणि झाकण लगेच लावा. सव्वा ग्रॅम सोड्यातून साधारण एक तृतीयांश लिटर वायू निघतो, तेवढा ती बाटली आरामात पेलते. सोडा यापेक्षा जास्त घालू नका. आधी वजन, बुडबुडे थांबल्यावर वजन: सारखंच. मग झाकण सैल करा, फुस्स, आणि परत वजन: काही दशांश ग्रॅम कमी. यासाठी सोनाराकडे असतो तसा बारीक काटा लागतो. छोटे खिशातले काटे मिळतात, शाळेने एवढी एक वस्तू जरूर घ्यावी. रंगीत तक्ते नंतर आणले तरी चालतील.

झेडपीचा_गुरुजी

ताई, मनापासून पटलं, पण आमची बाजू ऐका. वर्गात चाळीसच्या वर मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यातल्या बाटल्यांवरची लेबलं पुसून गेलेली. वरून प्रशिक्षणं, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचं रजिस्टर. प्रयोग होतो तो मीच टेबलावर करून दाखवतो, मागच्या बाकांना दिसतही नाही. इच्छा नाही असं नाही हो.

अरेराकॉलनी

गुरुजी, मी भोपाळला राहतो म्हणून लिहितो. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांमधून एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातल्या सरकारी शाळा, तुमच्यासारखीच परिस्थिती. मुलं चार-चारच्या टोळ्यांत बसायची आणि प्रत्येक टोळीला स्वतःचं साहित्य मिळायचं. शिक्षकाने करून दाखवायचं नाही, मुलांनी करायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने १९८२ पासून तो सांभाळला. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा असायची. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं. महाराष्ट्रातही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला ग्रामीण शाळांसोबत काम केलं होतं. म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकतं, झालेलं आहे.

प्रयोगवही

गुरुजी, अडचण खरी आहे आणि ती तुमच्या एकट्याच्या गळ्यात टाकणं अन्यायाचं आहे. पुसलेल्या लेबलांच्या बाटल्या मात्र हातही लावू नका, मुलांना तर नाहीच. त्यांची विल्हेवाट तालुक्याच्या कॉलेजातल्या रसायन विभागाला विचारून लावा.

चाळीस मुलांसाठी मला एकच युक्ती सापडली: प्रत्येक टोळीला औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची एक पट्टी. त्या खळग्यांमध्ये ड्रॉपरने थेंब-थेंब टाकून दर्शकाचे (आम्ल की आम्लारी ते रंगाने सांगणाऱ्या पदार्थाचे) सगळे प्रयोग होतात. जास्वंदाच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या की दर्शक तयार. लिंबात गडद गुलाबी, धुण्याच्या सोड्यात हिरवा. हळद लावलेला कागद साबणाच्या पाण्यात तांबडा होतो. सदऱ्यावर सांडलेल्या आमटीचा डाग साबण लावल्यावर लालभडक होतो, तो अनुभव प्रत्येक घरात आहे. तोच कागद लिंबाने परत पिवळा करून दाखवा, उदासिनीकरण (आम्ल आणि आम्लारी एकमेकांना शमवतात ते) तिथेच सुरू करता येतं.

आणि सातवीची आई, तुमचं उत्तर राहिलंय. मी ‘रसायन सगळीकडे आहे’ वगैरे सांगत नाही, मुलांना ते पोकळ वाटतं. मी युरियाची गोणी आणते. तिच्यावर लिहिलेलं असतं, नत्र (म्हणजे नायट्रोजन) ४६ टक्के. हा आकडा आला कुठून? युरियाच्या एका रेणूत कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४. वजनं मांडा: १२ + १६ + २८ + ४ = ६०. त्यात नायट्रोजनचे २८. अठ्ठावीस भागिले साठ, ४६.७ टक्के. शुद्ध युरियात याहून जास्त नत्र असूच शकत नाही. मग ४५ किलोच्या गोणीत नत्र किती? वीस किलोंच्या आसपास. कॉमर्सला जाणाऱ्या मुलीला हे गणित चांगलंच जमेल. आणि उद्या कुणी ‘आमच्या युरियात ६० टक्के नत्र’ म्हणून काही विकायला आलं, तर ती त्याला दारातच थांबवेल. मला एवढंच हवंय: लेबल वाचता यावं, आणि दाव्याला हिशोब विचारता यावा.

गुऱ्हाळ_कोल्हापूर

लेबलाचा विषय निघाला म्हणून. ‘केमिकल फ्री गूळ’ असं छापलेलं मला अजिबात आवडत नाही. आमच्या गुऱ्हाळात रसात चुन्याची निवळी पडते, भेंडीच्या झाडाचा चिकट रस पडतो. निवळीमुळे रसाचा आंबटपणा कमी होतो. आंबट रस तापवला तर साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि गूळ मऊ पडतो, ढेप धरत नाही. भेंडीच्या रसाने मळी गोळा होऊन वर येते, ती झाऱ्याने काढायची. हे सगळं रसायनच आहे आणि चांगलं आहे. वाईट आहे ते पिवळाधमक रंग यावा म्हणून हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उजळवणारी पूड) मारणं. तेव्हा पोरांना ‘केमिकल म्हणजे विष’ असं शिकवू नका. कोणतं, किती आणि कशासाठी, हे विचारायला शिकवा. गुळव्याला हे तिन्ही माहीत असतं.

प्रयोगवही

शंभर टक्के. कारखान्यातही रसाला चुनाच लागतो, जोडीला गंधकाचा धूर. सामू (pH, म्हणजे रस किती आंबट त्याचं माप) हाताबाहेर गेला तर साखरेचा दाणा बिघडतो. माझी निम्मी नोकरी सामू बघण्यात गेली.

कॅज्युअल्टी_सिस्टर

मी जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात आहे. वर ‘कशाला शिकायचं’ असा प्रश्न आला, त्याला माझं उत्तर अगदी सरळ आहे.

दिवाळीची साफसफाई, बंद बाथरूम, फरशीचे डाग जात नाहीत म्हणून टॉयलेट साफ करायचं आम्ल आणि कपड्यांचं ब्लीच एकत्र ओततात. आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक, ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो. खोकत, डोळे चोळत, धाप लागलेल्या बायका आमच्याकडे येतात. ‘दोन्ही साफच करतात ना, मग जास्त साफ होईल’ हा विचार असतो, आणि तो चुकीचा आहे हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल, तेही तसंच. असं झालं तर सगळं टाकून आधी मोकळ्या हवेत या, आत परत भांडं उचलायला जाऊ नका.

आठवीच्या प्रत्येक मुलाला हे एक समीकरण यायलाच हवं. बाकी काही विसरलं तरी चालेल.

सातवीची_आई

सिस्टर, अंगावर काटा आला. दोन्ही बाटल्या आमच्या बाथरूममध्ये शेजारी-शेजारी आहेत. आत्ता उठून वेगळ्या केल्या. मुलीला दोन्हींची लेबलं वाचायला बसवलंय.

पेणची_खाडी

आमच्या मिठागराचंही लिहून ठेवते. समुद्राचं पाणी आटवलं की सगळं एकदम बाहेर पडत नाही. आधी जिप्सम, मग खायचं मीठ, आणि शेवटी उरतं ते कडू पाणी, मॅग्नेशियमचे क्षार असलेलं. ते वेळेत काढून टाकलं नाही तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पाझरतं. ताटलीत समुद्राचं पाणी उन्हात ठेवूनही मुलांना वेगवेगळे स्फटिक दिसतात, साधं भिंग पुरतं.

झेडपीचा_गुरुजी

गोळ्यांच्या पट्टीचा प्रयोग केला. प्रत्येकाच्या हातात ड्रॉपर, मागचा बाक पहिल्यांदा जागचा उठला. आता आवर्तसारणीचं सांगा. ती तरी पाठच करावी लागते ना?

प्रयोगवही

फार छान वाटलं वाचून, गुरुजी!

सारणी पाठ करायला लावायच्या आधी पत्ते खेळा. एका पत्त्यावर एक मूलद्रव्य: वजन, रंग, पाण्याशी काय होतं. मुलांना लावायला सांगा आणि मधले दोन-तीन पत्ते मुद्दाम काढून ठेवा. मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये अशीच ६३ मूलद्रव्यं मांडली आणि जिथे जुळेना तिथे जागा मोकळी सोडली. ॲल्युमिनियमच्या खालच्या जागेसाठी त्याने न सापडलेल्या धातूची घनता सांगून ठेवली, ५.९ च्या आसपास. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं. शोधणाऱ्याने घनता मोजली, ती आली ४.७. मेंडेलीव्हने पत्राने कळवलं की धातू नीट शुद्ध करून परत मोजा. परत मोजली, ५.९ आली. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, त्याचं म्हणणं खरं निघालं. ही गोष्ट ऐकल्यावर मुलं काढून ठेवलेल्या पत्त्यांवर काय असेल ते स्वतः सांगायला लागतात.

निफाडचा_द्राक्षवाला

माझा मुलगा हा धागा वाचतोय. त्याचा प्रश्न तसाच लिहितो: मोरचुदात खिळा ठेवला तर शेवटी खिळ्याचं वजन वाढतं, कमी होतं की तेवढंच राहतं?

प्रयोगवही

शाब्बास. उत्तर देण्याआधी त्याने स्वतः अंदाज लिहून ठेवावा.

लोखंडाचा एक अणू द्रावणात जातो तेव्हा तांब्याचा एक अणू बाहेर बसतो. लोखंडाचा अणुभार ५६, तांब्याचा ६३.५. म्हणजे जड अणू आला, हलका गेला, वजन वाढायला हवं. एक ग्रॅम लोखंड गेलं तर सुमारे १.१३ ग्रॅम तांबं. खिळे तीन-चार घ्या, पॉलिश पेपरने घासा, काटा ०.०१ ग्रॅमचा वापरा. तांबं भुसभुशीत बसतं आणि गळून खाली पडतं, तेही गाळून, हलकेच धुऊन, वाळवून खिळ्यांबरोबर मोजायचं. नाहीतर वजन उलट कमी दिसेल. मोरचूद विषारी आहे, हातमोजे हवेत आणि उरलेलं पाणी गोठ्याच्या किंवा विहिरीच्या बाजूला ओतायचं नाही.

निफाडचा_द्राक्षवाला

त्याने अंदाज ‘वाढेल’ असाच लिहिला होता. आता म्हणतो, पत्र्याला मारतात ते चकचकीत जस्ताचे खिळे घेतले तर?

प्रयोगवही

जस्ताचा अणुभार ६५.४, तांब्याचा ६३.५. जोवर वरचा जस्ताचा मुलामा जातोय तोवर वजन किंचित कमी व्हायला हवं, आणि आतलं लोखंड उघडं पडलं की वाढायला लागेल. पण मुलामा पातळ आणि जस्त-तांब्यातला फरक जेमतेम तीन टक्के, त्यामुळे खिळ्यावर तो आपल्या काट्याला दिसणार नाही. जुन्या टॉर्चच्या सेलचं कवच जस्ताचं असतं, पण ते फोडू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून जस्ताची पट्टी मागून घ्या. पाच ग्रॅम जस्त गेलं तर फरक सुमारे ०.१५ ग्रॅम, तेवढा दिसेल. त्याला वीस ग्रॅम मोरचूद लागेल. ते कसं काढलं, हे त्याने वहीत मांडून इथे टाकावं, मी तपासते.